पान काळं होईना, बुडबुडे येईनात, नाडी सापडेना: शाळेतले दरवर्षी अडणारे प्रयोग

"सर, पान काळं होईना की ओ."

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पंधरा दिवसांच्या आत हे वाक्य माझ्या कानावर पडतं. मी सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गातल्या कित्येक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. प्रयोग मात्र सगळ्यांचे एकाच जागी अडतात. पानातला स्टार्च दिसत नाही, हायड्रिला या पाणवनस्पतीला बुडबुडे येत नाहीत आणि व्यायामानंतर मोजलेली नाडी व्यायामाआधीपेक्षा कमी भरते. मग मुलं शेजारच्या गटाच्या वहीतून 'निरीक्षण' उतरवून घेतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण पान खरंच काळं होतं, नाडी खरंच वाढते. डोळ्यांनी दिसू शकणारी गोष्ट वहीतून उतरवावी लागू नये.

पूर्वी मी "पुन्हा करा" एवढंच सांगायचो. पुन्हा केलं तरी तेच व्हायचं. मग एका वर्षी प्रत्येक पायरीवर थांबून तपासायला लागलो, तेव्हा कळलं की आपण ज्या पायरीला दोष देतो तिच्या बऱ्याच आधी गाडी घसरलेली असते. तेव्हापासून जे सापडत गेलं ते इथे लिहितो आहे.

पान काळं होत नाही

स्टार्च असेल तिथे आयोडीन निळं-काळं होतं, सगळा प्रयोग यावर चालतो. म्हणून सगळ्यात आधी आयोडीन तपासा, पान नंतर. आमच्याकडे हे काम डब्यातली भाकरी करते. ज्वारीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा बशीत ठेवायचा आणि त्यावर एक थेंब टाकायचा. थेंब पडतो तेव्हा कोऱ्या चहासारखा तांबूस असतो. दोन-तीन सेकंदांत तो भाकरीत मुरतो आणि कडेकडेने जांभळा, मग मध्ये शाईसारखा निळा-काळा होतो. ज्यांनी भात आणलाय त्यांनी शितावर टाकावा. इथे रंग आला नाही तर पानावर येणारच नाही. आयोडीनचं पातळ द्रावण पारदर्शक बाटलीत खिडकीत ठेवलं की काही महिन्यांत फिकट होत जातं, आणि प्रयोगशाळेतली बाटली बहुतेक गेल्या वर्षीची असते. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून चहाच्या रंगाचं केलं तर चालतं. फेस येणारं, हात धुण्याचं आणू नका आणि मलमही नको. तपासलेला भाकरीचा तुकडा लगेच कचऱ्यात टाकायचा, तो कुणी तोंडात घालायचा नाही.

भाकरी काळी झाली आणि पान तांबूसच राहिलं, तर पुढचा प्रश्न: पान कधी तोडलं?

या एका प्रश्नाने मला दोन वर्षं छळलं. आमची शाळा दोन सत्रांत भरते. दुपारच्या वर्गाचा प्रयोग नेहमी जमायचा, सकाळच्या वर्गाचा नेहमी फसायचा. जास्वंद तीच, आयोडीन तेच, शिकवणारा मीच. सकाळची मुलं धांदल करतात असं मी धरून चाललो होतो. कारण अगदी साधं निघालं. दिवसभर उन्हात पान साखर तयार करतं, त्यातला एक भाग स्टार्च म्हणून पानातच साठवतं आणि रात्रभर तो स्टार्च मोडून, त्याची साखर करून झाडाच्या इतर भागांना पुरवतं. सकाळी साडेसातला तोडलेलं पान म्हणजे महिनाअखेरचा धान्याचा डबा. दुपारी तीन-चारला तोडलेल्या पानात दिवसाची कमाई जमा असते. तेव्हापासून सकाळच्या वर्गासाठी पान आदल्या दिवशी दुपारी तोडतो आणि तोडल्या तोडल्या उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून काढतो. उकळत्या पाण्याने पेशी मरतात, आतल्या क्रिया थांबतात आणि पान आहे त्या स्थितीत राहतं. नुसतं तोडून पिशवीत ठेवलं तर ते पिशवीतही स्टार्च खर्च करत राहतं.

पान दुपारचं आहे, तरी काळं होत नाही? मग हिरवा रंग पूर्ण गेलाय का ते बघा. हरितद्रव्य पाण्यात विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. रंग अर्धवट राहिला तर आयोडीनचा निळेपणा त्याखाली दडतो आणि सगळं मातकट दिसतं. आधी पाण्यात उकळायची पायरी काही गट वेळ वाचवायला गाळतात, त्यांचं पान तासभर स्पिरिटमध्ये ठेवलं तरी हिरवंच राहतं. स्पिरिट गडद हिरवं झालं की एकदा बदलावं. शेवटी पान पिवळट पांढरं आणि पापडासारखं कडक व्हायला हवं. त्याला कोमट पाण्यात बुडवून मऊ करायचं, नाहीतर पसरताना तुटतं.

स्पिरिटबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्पिरिट ७८ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ लगेच पेट घेते. ते थेट ज्योतीवर ठेवायचं नाही. मी तर ज्योत वर्गात आणतच नाही. थर्मासमधून कडक गरम पाणी आणतो, ते मोठ्या भांड्यात ओततो आणि त्यात स्पिरिट व पान असलेली परीक्षानळी उभी करतो. दहा मिनिटांत काम होतं. त्याहून सुरक्षित वाट म्हणजे उकळून काढलेलं पान झाकणाच्या बाटलीत, गार स्पिरिटमध्ये रात्रभर ठेवायचं. जास्वंदीसारखं पातळ पान सकाळपर्यंत फिकट होतं. सकाळच्या सत्राला ही पद्धत अगदी सोयीची पडते.

आता एक चकवा. गरम पाण्यातून काढलेलं वाफाळतं पान मुलं घाईने आयोडीनमध्ये टाकतात. रंग येत नाही आणि पान फेकून दिलं जातं. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग उष्णतेने नाहीसा होतो आणि गार झाल्यावर परत येतो. भाताच्या पेजेत आयोडीन टाकून परीक्षानळी गरम करा, निळेपणा जातो. नळाखाली धरा, पुन्हा येतो. हे एकदा मुलांना दाखवाच, त्यांचे डोळे विस्फारतात. त्यामुळे पान गार करा आणि मग आयोडीन टाका. टाकल्यावरही दोन-तीन मिनिटं धीर धरा.

राहिली पानाची निवड. पुस्तकातल्या चित्रातलं झाड आपल्याकडे असेलच असं नाही, म्हणून मुलं हाताला लागेल ते आणतात. जास्वंद उत्तम. क्रोटन आणि मनीप्लांटची पानं जाड आणि मेणचट, रंग जाता जात नाही. आमच्याकडे मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या एकाचा मुलगा कांद्याची पात घेऊन आला होता. सोलापूरची कांद्याची बाजारपेठ केवढी मोठी, त्यामुळे त्याला ती सहज मिळाली. पातीवर काहीच आलं नाही आणि तो हिरमुसला. त्याचं काही चुकलं नव्हतं. कांद्याची पात स्टार्च साठवतच नाही, साखरेच्याच रूपात ठेवते. त्या दिवशी सगळ्यात मोलाचं निरीक्षण त्याच्याच वहीत होतं आणि मी ते फळ्यावर लिहायला लावलं. ज्वारीचं किंवा मक्याचं पान आणलं तर सगळीकडे सारखा रंग अपेक्षू नका. या पिकांत स्टार्च मुख्यतः शिरांभोवतीच्या पेशींत साठतो, म्हणून रंग आला तर रेघांसारखा दिसतो.

उलट अडचण: झाकलेला भागही काळा

पानाच्या मधोमध काळा कागद लावून ऊन दाखवायचं, मग फक्त उघडा भाग काळा व्हायला हवा. होतं असं की सगळंच पान काळं होतं आणि मुलं म्हणतात, "सर, अंधारातबी स्टार्च होतोय."

अंधारात झालेला तो नसतो, आधीचाच शिल्लक असतो. कागद लावण्यापूर्वी रोप ४८ तास पूर्ण अंधारात ठेवायला हवं. पूर्ण अंधार म्हणजे कपाट नव्हे. लोखंडी कपाटाच्या फटीतून उजेड येतो, वर रोप गुदमरून कोमेजतं. आम्ही टॉवेलच्या कारखान्यातून आणलेला मोठा पुठ्ठ्याचा खोका रोपावर पालथा घालतो आणि त्यावर सोलापुरी चादर दुहेरी टाकतो. या चादरीची वीण इतकी घट्ट की खोक्याच्या सांध्यातून किरण आत जात नाही, आणि आत हवाही पुरेशी राहते.

यानंतरची पायरी बहुतेक जण करत नाहीत आणि माझ्या मते सगळा प्रयोग तिच्यावर उभा आहे. ४८ तासांनी खोका काढला की कागद लावण्याआधी एक पान तोडून तपासा. ते तांबूस राहिलं तरच पुढे जा. काळं झालं तर खोका पुन्हा ठेवा. आम्ही त्याला 'शून्याचं पान' म्हणतो. ते वहीत चिकटवून ठेवलं की नंतर कुणाला शंका राहत नाही.

कागद दोन्ही बाजूंनी लावायला हवा. गच्चीवर पांढरी फरशी किंवा चुना मारलेला असेल तर खालून परावर्तित होणारा उजेडही कमी नसतो. मार्चनंतर मात्र काळा कागद मी बंद करतो. आपल्या उन्हात तो इतका तापतो की खालचं पान करपतं, आणि करपलेला तपकिरी पट्टा म्हणजे 'स्टार्च नाही' असं मुलं लिहून टाकतात. ॲल्युमिनियमची पातळ पट्टी लावा, ती ऊन परतवते. आणि कुणी चुणचुणीत मुलीने विचारलं की "पट्टीमुळे उजेड अडला की हवा अडली?", तर तिला शाबासकी द्या आणि त्याच मापाची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी दुसऱ्या पानाला लावायला सांगा. त्या पट्टीखाली पान काळं झालं, म्हणजे पहिल्या पानावर फरक उजेडानेच पडला होता.

एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग करू नका असं मी नव्या शिक्षकांना सांगतो. पारा चाळिशीपार जातो, कुंडीतली माती सुकते आणि झाड पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं. मग कार्बन डायऑक्साइड आत जात नाही. भरपूर ऊन असूनही पान रिकामं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली की जानेवारीचा उरलेला महिना आणि फेब्रुवारी, हा आपल्याकडे या प्रयोगाचा खरा हंगाम.

हायड्रिलाला बुडबुडे येत नाहीत

पाण्यातल्या वनस्पतीतून उजेडात बुडबुडे निघतात हे यान इंगेनहाउझ यांनी १७७९ साली प्रसिद्ध केलं. पुढे आपल्या जगदीशचंद्र बोसांनीही प्रकाशसंश्लेषण मोजायला हायड्रिलाच निवडली होती. एवढी मोठी परंपरा असलेली ही वनस्पती आमच्या प्रयोगशाळेत मात्र ढिम्म बसून राहायची.

दोष पाण्याचा होता. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे घरोघरी पिंपं, शाळेत टाक्या, आणि पिण्यासाठी फिल्टरचे जार. मुलं प्रयोगासाठी 'चांगलं' म्हणून जारचं पाणी घेत. या जारच्या, म्हणजे आरओ फिल्टरच्या पाण्यातून क्षार काढून टाकलेले असतात, बायकार्बोनेटही जवळजवळ निघून जातं, आणि वनस्पतीला लागणाऱ्या कार्बनचा तोच तर साठा असतो. उकळून गार केलेल्या पाण्याचीही तीच गत, त्यातला विरघळलेला वायू उडून गेलेला असतो. बोअरचं जड पाणी, ज्याने आंघोळीला साबणाचा फेस येत नाही, ते इथे कामाचं. त्यात पेलाभर पाण्याला चिमूटभर खायचा सोडा घाला. आम्ही पहिल्यांदा घातला तेव्हा पाच मिनिटांत देठाच्या कापलेल्या टोकातून मोत्यांच्या सरीसारखे बुडबुडे सुरू झाले. कोपऱ्यातला गट बाकावर चढून मोजत होता.

देठाचं कापलेलं टोक वर असू द्या. बुडबुडे थांबले तर ते टोक पाण्याखालीच कात्रीने तिरकं, पुन्हा कापा. बोटाने दाबलं गेलं की तोंड मिटतं. हायड्रिला मत्स्यटाकीच्या दुकानात मिळते. तळ्यावरून जलपर्णी उचलून आणू नका. तिची पानं पाण्याबाहेर, हवेत असतात, तिच्यातून असे बुडबुडे मिळत नाहीत.

खोट्या बुडबुड्यांपासून सावध राहा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उन्हात ठेवलं की ते तापतं आणि त्यातली विरघळलेली हवा पेल्याच्या भिंतीवर, पानांवर बारीक बुडबुड्यांच्या रूपात चिकटते. वनस्पती नसलेल्या पेल्यातही हे होतं, म्हणून शेजारी एक नुसत्या पाण्याचा पेला ठेवायचाच. मोजायचे ते फक्त देठातून निघणारे. दिव्याने प्रयोग करत असाल तर एलईडी वापरा. जुना पिवळा बल्ब पाणी तापवतो, मग वाढलेले बुडबुडे उजेडाचे की उष्णतेचे हे सांगता येत नाही.

दिवा २० सेंटिमीटरवरून १० वर आणला तर लहान दिव्याचा उजेड साधारण चौपट होतो. बुडबुडे चौपट होतील असं मात्र समजू नका. खिडकीतून येणारा उजेड असतोच, शिवाय एका मर्यादेनंतर उजेड भरपूर असतो आणि कार्बन डायऑक्साइड कमी पडतो. दिवा जवळ आणूनही संख्या हलत नसेल तर आणखी चिमूटभर सोडा घालून बघा. आणि दिवा हलवल्यावर पाच मिनिटं थांबून मग मोजा.

बुडबुडे पालथ्या नळीत जमवून, तो वायू ऑक्सिजन आहे का हे धुमसत्या अगरबत्तीने बघतात. ती उजळली नाही, ही तक्रार ठरलेली. तासाभरात नळीत जमतो तो वायू करंगळीच्या नखाएवढा, आणि तो शुद्ध ऑक्सिजनही नसतो. दोन दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा, नळीत दोन बोटं वायू जमू द्या, मग परीक्षा घ्या.

नाडी आणि श्वास: आकडे उलटसुलट

या प्रयोगाला साहित्य लागत नाही, म्हणून तो सोपा समजला जातो. माझ्या मते तिन्हींत हाच अवघड, कारण इथे मोजणारा आणि मोजला जाणारा दोघेही तेरा-चौदा वर्षांचे असतात.

पहिली तक्रार: "नाडी लागत नाही." अंगठा लावला असेल तर काढायला सांगा. अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात, मुलं स्वतःचीच नाडी मोजून मित्राच्या नावावर लिहितात. पहिली दोन बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हलकी टेकवायची. जोरात दाबलं तर ठोका हरवतो. तरीही सापडत नसेल तर आमच्याकडे एक साधन आहे, ते पूर्व भागात कुठल्याही घरी मिळेल: सुताचा रिकामा कोन. सूत संपल्यावर उरणारा तो पुठ्ठ्याचा शंकू. रुंद तोंड मित्राच्या छातीवर डाव्या बाजूला टेकवायचं आणि निमुळत्या तोंडाला कान लावायचा. एका मुलीने कान लावला, चेहरा गंभीर केला, हाताने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली आणि मग कुजबुजली, "सर, आत माग चाललाय." रेने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरांनी १८१६ साली कागदाची सुरळी करून हेच केलं होतं, त्यातून स्टेथोस्कोप आला. मुलींची छाती मुलींनीच ऐकायची, हे आधीच सांगून ठेवावं.

दुसरी तक्रार: व्यायामानंतरचा आकडा व्यायामाआधीएवढाच. इथे वेळ हातातून निसटलेली असते. दोन मिनिटं उठाबशा झाल्या, मग हसणं, मग बसायला जागा, मग नाडी शोधणं, यात मिनिट जातं. तब्येत चांगली असलेल्या मुलांची नाडी त्या पहिल्या मिनिटातच झपाट्याने खाली येते. उपाय एवढाच की बोटं उठाबशा संपण्याआधी कुठे ठेवायची ते ठरलेलं असावं. मनगटावर पेनाने ठिपका काढून ठेवा. 'थांब' म्हटल्याबरोबर १५ सेकंद मोजायचं आणि ४ ने गुणायचं. इथे एक ठोका चुकला तर मिनिटाला ४ ठोक्यांचा फरक पडतो, म्हणून ९२ आणि ९६ मध्ये 'वाढ झाली' असं लिहू नये. विश्रांतीची नाडी मात्र पाच मिनिटं शांत बसवून, पूर्ण मिनिटभर मोजावी.

श्वासाचं दुखणं निराळं. "तुझा श्वास मोजतोय" असं म्हटलं की श्वास बदलतो, माणूस तो मुद्दाम संथ घेऊ लागतो. दवाखान्यातल्या परिचारिका नाडी मोजत असल्यासारखं मनगट धरून ठेवतात आणि लक्ष छातीकडे ठेवून श्वास मोजतात. तेच मुलांना शिकवा. दुसरी चूक अशी की काही जण आत घेतलेला एक आणि सोडलेला दुसरा असं मोजतात, मग आकडा दुप्पट येतो. आत-बाहेर मिळून एक. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास होतात. त्यावरून दुप्पट आकडा लगेच ओळखू येतो.

धाप का लागते यावर मुलांचं ठरलेलं उत्तर असतं, "ऑक्सिजन संपतो." हे इथेच दुरुस्त करावं. स्नायू काम करतात तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू लागतो, त्याने रक्ताची आम्लता वाढते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छाला ते जाणवतं. तिथून श्वास वाढवण्याचा हुकूम सुटतो. निरोगी मुलाच्या रक्तातला ऑक्सिजन उठाबशांनी फारसा कमी होत नाही. एका मुलाने विचारलं होतं, "उठाबशा सुरू व्हायच्या आधीच माझे ठोके वाढले, ते का?" प्रश्न अगदी रास्त होता. मन तयारीला लागलं की मेंदू आणि ॲड्रेनलिन हृदयाला आधीच जागं करतात. त्यामुळे विश्रांतीची नाडी 'आता उठाबशा काढायच्यात' हे सांगण्याआधी घ्यावी.

हा प्रयोग सकाळी घ्या. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या वर्गात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त जातं आणि बसल्या बसल्याच नाडी वाढलेली असते. दमा असलेली, अशक्तपणा असलेली, सकाळपासून काही न खाल्लेली मुलं उठाबशा काढणार नाहीत. त्यांच्या हातात घड्याळ द्या. वेळ नेमकी राखणं हे या प्रयोगातलं सगळ्यात जबाबदारीचं काम आहे आणि ती ते मनापासून करतात.

चुन्याची निवळी फुंकण्याआधीच दुधाळ

निवळी म्हणजे विरलेल्या चुन्याचं वरचं नितळ पाणी. तिच्यात नळीने फुंकलं की उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने ती दुधाळ होते, तेच इथे बघायचं असतं. पानटपरीवरचा साधा पांढरा चुना चालतो, खडूची पूड चालत नाही. गरम पाण्यात चुना जास्त विरघळेल असं वाटतं, पण चुन्याचं उलटं आहे, तो गार पाण्यात जास्त विरघळतो. रात्रभर ठेवून वरचं पाणी गाळून घट्ट बुचाच्या बाटलीत भरायचं. बाटली उघडी राहिली तर हवेतलाच कार्बन डायऑक्साइड साय धरतो.

निवळी कमी पडली म्हणून बोअरचं पाणी घातलं की ती तत्क्षणी दुधाळ होते. पाण्यातलं बायकार्बोनेट आणि चुना मिळून कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका बनतो, फुंकायची गरजच उरत नाही. म्हणजे हायड्रिलाला जे पाणी हवं ते इथे नको आणि तिथे नको असलेलं आरओचं पाणी इथे हवं. आमच्या प्रयोगशाळेत आता दोन कॅन आहेत. एकावर 'बोअर: हायड्रिला', दुसऱ्यावर 'फिल्टर: निवळी'.

व्यायामाआधी आणि नंतर फुंकून वेळेत फरक दिसत नसेल तर तो अगदी थोडाच दिसतो हे आधी मान्य करा. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड साधारण ४ टक्के असतो, बाहेरच्या हवेत ०.०४ टक्के. व्यायामाने हे ४ टक्के थोडेसेच वाढतात, खूप वाढतं ते मिनिटाला बाहेर पडणाऱ्या हवेचं आकारमान. नळीतून सावकाश, मोजून फुंकलं तर हा मोठा फरक नळीत उतरतच नाही. म्हणून 'किती श्वासांत' असं न मोजता 'किती सेकंदांत' दुधाळ झालं ते मोजा आणि मुलाला त्याच्या नेहमीच्या धापेप्रमाणे फुंकू द्या. दहा-बारा फुंकांनंतर थांबवा, चक्कर येते. नळी ओढायची नाही, फक्त फुंकायची, आणि डोळ्यांना चष्मा असावा.

आणि फुंकत राहिल्यावर दुधाळ झालेली निवळी पुन्हा नितळ झाली तर ती ओतून देऊ नका. जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने साका विरघळून त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट झालेलं असतं, म्हणजे परीक्षानळीत आपलं बोअरचं पाणी तयार झालेलं असतं. ती नळी गरम पाण्याच्या भांड्यात धरा. थोड्या वेळाने पाणी पुन्हा पांढुरकं होतं आणि काचेला पातळ थर बसतो. गेल्या वर्षी एका मुलाने तो थर नखाने खरवडला, बोटावर घेऊन बघितला आणि म्हणाला, "सर, हे तर आमच्या बंबात असतंय."

दुसऱ्या दिवशी तो बंबातला खपला कागदात गुंडाळून घेऊन आला. आम्ही त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं.